टाका एका कुशीला, दुखणं दुसऱ्या कुशीला

ताई, तुमचं लिहिणं नीट वाचलं. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुमचा धाकटा भाऊ देवगडकडचा आंबा बागायतदार, वय ४१, वजन ११२ किलो. आंबे उतरवताना झाडावरून पडला आणि उजव्या खुब्याची वाटी मोडली. चौथ्या दिवशी घाटावरच्या एका रुग्णालयात डाव्या कुशीवर झोपवून साडेसहा तास ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो सांगत होता की डावा कुल्ला दुखतोय, ऑपरेशनच्या बाजूपेक्षा जास्त. संध्याकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. तिसऱ्या दिवशी रक्तात सीपीके (स्नायू फुटल्याचं माप) ४१,००० आणि क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो कचरा) ३.४ आलं. डॉक्टरांनी सांगितलं, "स्नायू विरघळलेत, किडनीवर आलंय." आज सहावा दिवस आहे आणि दोन डायलिसिस झालीत. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: किडनी परत येईल का, हे झालं कशामुळे, चूक कोणाची, आणि पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर काय करायचं.

मी भूलतज्ज्ञ आहे. एकोणतीस वर्षं रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत भूल देतोय. या आजाराला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. ऑपरेशननंतर तो क्वचितच होतो. माझ्या पाहण्यात आलेले असे रुग्ण बोटांवर मोजता येतील. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे उपचाराचे निर्णय तिथल्या डॉक्टरांचेच. पण समजावून सांगायला त्यांना वेळ मिळालेला दिसत नाही, तेवढं मी करतो.

आधी किडनीचं, कारण तुमची झोप त्यानेच उडाली असणार. आधी किडन्या चांगल्या असतील तर या आजारातून बहुतेकांच्या त्या परत येतात. डायलिसिस लागलं म्हणजे आता जन्मभर लागणार, असं नाही. इथे किडनी झिजलेली नसते, तुंबलेली आणि दुखावलेली असते. ती सावरेपर्यंत यंत्र तिचं काम करतं. काहींना दोन आठवडे लागतात, काहींना दीड-दोन महिने. सुधारणेची पहिली खूण क्रिएटिनिनमध्ये दिसत नाही, लघवीच्या मापात दिसते. आधी माप वाढतं, मग काही दिवसांनी क्रिएटिनिन उतरायला लागतं. म्हणून रोज किती मिली लघवी झाली हे वहीत लिहून ठेवा.

दुसरा आकडा सीपीकेचा. हे स्नायूंच्या आतलं द्रव्य. सर्वसाधारणपणे रक्तात ते दोनशेच्या आत असतं. कुठल्याही मोठ्या ऑपरेशननंतर, अगदी कमरेत इंजेक्शनं घेतल्यावरही ते थोडं वाढतं, त्याला घाबरायचं कारण नसतं. पाच हजारांच्या वर गेलं की किडनीची काळजी सुरू होते. दुखापतीनंतर एक ते तीन दिवसांत ते सर्वांत वर जातं आणि मग दर दीड दिवसाला साधारण निम्मं होत उतरतं. तुमच्या भावाचं आज सहाव्या दिवशी ठळकपणे उतरलेलं असायला हवं. उतरलं नसेल किंवा परत चढत असेल, तर कुठेतरी स्नायू अजून मरतोय असा त्याचा अर्थ.

त्यासाठी आजच एक गोष्ट बघा. त्याला डाव्या पायाचा पंजा आणि बोटं स्वतःकडे वर ओढायला सांगा. डावा कुल्ला आणि मांडीची मागची बाजू हाताने दाबून बघा: मऊ आहे, की ताणून बसवलेल्या ढोलकीसारखी घट्ट? पंजा उचलता येत नसेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, किंवा भाग घट्ट लागत असेल तर उद्याच्या राउंडची वाट बघू नका, आत्ता सांगा. कुल्ल्यातून पायाची मोठी नस जाते. स्नायू त्याच्या आवरणात सुजला की ती नस त्याच्याखाली चेपते.

आता हे झालं कशामुळे. स्नायूवर वजन पडून राहिलं की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात. दोनेक तास स्नायू हे सहन करतो. म्हणूनच हाता-पायाच्या ऑपरेशनला रक्त थांबवायचा पट्टा बांधला की आम्ही घड्याळ लावतो आणि दोन तासांच्या वर शक्यतो जात नाही. चार ते सहा तास झाले की कायमचं नुकसान सुरू होतं. पेशीतली शक्ती संपते, आत-बाहेर क्षार ढकलणारे पंप बंद पडतात, पेशी फुगते आणि फुटते. शरीरातलं बहुतेक पोटॅशियम स्नायूंच्या आत साठलेलं असतं, ते बाहेर येतं. त्याबरोबर मायोग्लोबिन येतं, म्हणजे स्नायूला लाली देणारं द्रव्य. तेच किडनीच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतं आणि तेच लघवीला कोऱ्या चहाचा रंग देतं.

१९४१ साली बायवॉटर्स आणि बील या दोघांनी लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या चार माणसांची हकिगत लिहिली. माणसं जिवंत निघाली, पहिले काही तास बरी वाटली आणि मग किडन्या बंद पडल्या. ढिगारा अंगावर असेपर्यंत विष स्नायूतच अडकलेलं असतं. तो उचलला की रक्त परत वाहतं आणि सगळं घेऊन हृदयाकडे, किडनीकडे निघतं. तुमच्या भावाच्या बाबतीत ढिगारा म्हणजे त्याचं स्वतःचं ११२ किलो वजन. भूल दिलेला माणूस कूस बदलत नाही. झोपेत आपण रात्रभरात कितीदा वळतो हे आपल्याला कळतही नाही, पण स्नायूंना ते वळणंच वाचवत असतं.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडली असावी. झाडावरून पडला तेव्हाच थोडा स्नायू चेंगरला असणार. आणि ऑपरेशनच्या आधीचे चार दिवस. खुबा मोडलेला माणूस पाणी पीत नाही. भांडं घ्यायला कोणाला तरी बोलवावं लागतं, उचलताना जीव जातो, लाज वाटते, म्हणून तो तहान मारून पडून राहतो. त्यात एप्रिल-मे मधला उकाडा. वर ऑपरेशनच्या आदल्या रात्री "बारापासून पाण्याचा थेंब नको" हा अजूनही बऱ्याच ठिकाणी चालणारा हुकूम. खरं तर जठराचा विशेष त्रास नसेल तर साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा भुलेच्या दोन तास आधीपर्यंत चालतो. जेवण सहा-आठ तास आधी बंद करायचं असतं. सुकलेल्या किडनीवर मायोग्लोबिन आलं की ती लवकर तुंबते.

आता माझी एक गोष्ट सांगतो, ती मला सांगायलाच हवी. सतरा-अठरा वर्षं झाली. मालवणकडचा एक तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा म्होरक्या, चाळिशीतला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला गाठ होती. दोन्ही पाय वर आधारांत ठेवून पाच तास ऑपरेशन चाललं आणि छान झालं. रात्री अकराला मी चक्कर मारली तेव्हा तो डावी पोटरी धरून कण्हत होता. त्याची बायको म्हणाली, "कापलात पोटात आणि दुखता पोटरेत, ह्यां कसलां हो?" मी म्हटलं, पाय बराच वेळ वर बांधलेले होते, आखडले असतील. सिस्टरला वेदनाशामक इंजेक्शन द्यायला सांगून निघून आलो.

सकाळी सहाला फोन आला. पोटरी लाकडासारखी लागत होती, बोटं उचलता येत नव्हती, लघवीच्या पिशवीत कोरा चहा. नऊच्या आत सर्जननी पोटरीची आवरणं उघडली. जिवंत स्नायू लाल असतो, चिमट्याने टोचला की थरथरतो. हा उकडलेल्या मासळीसारखा पांढुरका होता, टोचला तरी हलला नाही. सलाइन जोरात चालू केलं होतं म्हणून किडन्या वाचल्या, डायलिसिस लागलं नाही. पण डावा पंजा कायमचा लोंबता राहिला. हलत्या होडीवर पंजा लोंबत असलेला माणूस उभा राहू शकत नाही. त्याची तांडेलकी तिथेच संपली. त्या बाईंनी रात्री अकरालाच निदान माझ्या हातात दिलं होतं. मी ते ऐकलं, पण घेतलं नाही.

तेव्हापासून लांबलेल्या प्रत्येक ऑपरेशननंतर मी रात्री एकच प्रश्न विचारतो: जिथे कापलं नाही तिथे कुठे दुखतंय का? टाक्यावर दुखणं अपेक्षित असतं. पण कुल्ला, पोटरी, खांदा, पाठ असं जिथे सुरी गेलीच नाही तिथे जोराचं दुखत असेल, तर ते औषधाने दाबायचं दुखणं नव्हे. तुमचा भाऊ सकाळपासून हेच सांगत होता. एक सावधगिरी मात्र: कण्यातल्या नळीतून वेदनाशामक चालू असेल तर हे दुखणं झाकलं जातं. तेव्हा हाताने चाचपणं आणि लघवीचा रंग यांवरच भिस्त ठेवावी लागते.

लघवीचा रंग पिशवीत बघायचा नाही, नळीत बघायचा. पिशवीत सहा-आठ तासांचं सगळं मिसळलेलं असतं. नळीतलं आत्ताचं. नळीमागे पांढरा कागद धरा आणि खिडकीपाशी बघा. कावीळ झालेल्याची लघवी राईच्या तेलासारखी गडद पिवळी असते, हलवली तर फेसही पिवळा येतो. रक्ताची लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल, कधी गुठळ्यांसकट. मायोग्लोबिनची तपकिरी, चहासारखी. लाल आणि तपकिरी यांत डोळा फसतो, म्हणून पुढचं काम लॅबचं, आणि ते तालुक्याच्या लॅबमध्येही होतं. लघवीत तपासणीची पट्टी बुडवली की ती "रक्त आहे" असा रंग देते. तीच लघवी यंत्रात फिरवून तळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर लाल पेशी जवळपास दिसतच नाहीत, आणि वरचं पाणी तपकिरीच राहतं. पट्टी हो म्हणते, सूक्ष्मदर्शक नाही म्हणतो. असं दिसलं की लगेच सीपीके, पोटॅशियम आणि ईसीजी. उलट, लघवी साफ दिसली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. मायोग्लोबिन काही तासांतच निघून जातं, सीपीके मात्र दिवसेंदिवस राहतं.

पावसाळ्यात आपल्याकडे यात एक चकवा असतो. लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं आणि गडद लघवी म्हटलं की कोकणातल्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) येतो, आणि यावाच. लेप्टोतही सीपीके वाढतं, किडनी बिघडते. पण ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एकाच बाजूची पोटरी दुखत असेल तर लेप्टोच्या रिपोर्टची वाट बघत बसणं महागात पडतं. मला स्वतःला हा रंग ओळखायला शिकवला तो समुद्रसापाने चावलेल्या मच्छीमारांनी. जाळं सोडवताना चावतो, जागा फारशी सुजत नाही, दुखतही नाही, आणि काही तासांनी सगळं अंग ठणकायला लागून लघवी काळपट होते. तेही स्नायू विरघळणंच. आपल्याकडची सापाची नेहमीची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरची. समुद्रसापासाठी ती बनवलेली नाही. तिथेही सलाइन आणि किडनी सांभाळणं हाच मुख्य आधार उरतो.

उपचाराचा गाभा साधा आहे: साधं सलाइन, लवकर आणि भरपूर. मोठ्या माणसाची लघवी तासाला दोनशे ते तीनशे मिली होईल इतकं, आणि सीपीके पाच हजारांच्या खाली येईपर्यंत. सोडा-बायकार्ब आणि मॅनिटॉल यांवर डॉक्टरांत मतभेद आहेत. माझा भर सलाइनवर. आपल्या भागातून असा रुग्ण घाट चढून कोल्हापूरला नाहीतर गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचा तर तीन-चार तास रस्त्यात जातात. ते कोरडे जाता कामा नयेत. पहिलं सलाइन तालुक्यातच लागलं पाहिजे आणि निघण्याआधी ईसीजी काढलेला पाहिजे, कारण रस्त्यात जीव जातो तो किडनीने नाही, पोटॅशियमने हृदय थांबून.

पण तुमच्या भावाला आता हे लागू नाही, हे नीट समजून घ्या. लघवीच होत नसताना पाणी ओतलं तर ते फुफ्फुसात साठतं. आता त्याचं पाणी मोजून आहे. "एवढं पाणी सांगतात तर मग याला का देत नाही" म्हणून भांडू नका, आणि चोरून पाजू नका. तीच गोष्ट शहाळ्याची. आजाऱ्याला भेटायला जाताना आपला माणूस हातात शहाळं घेऊनच जातो. पाव लिटर शहाळ्याच्या पाण्यात पाच-सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. ज्याच्या रक्तातलं पोटॅशियम उतरवण्यासाठी यंत्र लावलंय, त्याला ते घातक आहे. केळी, फणसाचे गरे, फळांचे रस हेही किडनीच्या डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको. मायेने आणलेलं परत पाठवायला जड जातं, पण परत पाठवा.

वेदनाशामकांत डायक्लोफेनॅक आणि त्या जातीची औषधं बंद असल्याची खात्री करून घ्या. आपल्याकडे ऑपरेशननंतर ती सर्रास चालतात आणि या आजारात किडनीला दुसरा धक्का देतात. अमिकासिन, जेंटामायसिन या अँटिबायोटिक्सबद्दलही विचारा. कोलेस्टेरॉलसाठी तो स्टॅटिनची गोळी घेत असेल आणि ती अजून चालूच असेल तर लगेच सांगा, आत्ता ती थांबवायला हवी. रक्तातलं कॅल्शियम कमी आलं तर "भरून का काढत नाही" असं वाटेल. या आजारात ते सुरुवातीला मरत्या स्नायूत जाऊन बसतं आणि बरं होताना परत रक्तात येऊन चढतं. म्हणून हृदयाला धोका किंवा झटके नसतील तर मुद्दाम भरत नाहीत.

चूक कोणाची? ताई, मी दोन्ही बाजू पाहिल्या आहेत, म्हणून मनापासून सांगतो. वजनदार माणूस, एका कुशीवर साडेसहा तास, खुब्याच्या वाटीसारखं अवघड काम: यात सगळी काळजी घेऊनही स्नायू दाबला जाऊ शकतो. एवढ्यावरून मी कोणाला दोषी म्हणणार नाही. माझ्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. भावाने सकाळी डावा कुल्ला दुखतोय म्हटल्यावर तो कोणी दाबून पाहिला का? लघवी काळपट झाल्याचं किती वाजता लिहिलं गेलं आणि सीपीके किती वाजता पाठवलं? भुलेचा कागद, तासातासाच्या लघवीचा तक्ता आणि नर्सिंगच्या नोंदी यांची प्रत मागा. रुग्णाला त्या मिळण्याचा हक्क आहे. शांतपणे आणि लेखी मागा. संध्याकाळी लघवी काळी आणि सीपीके थेट तिसऱ्या दिवशी, असंच निघालं तर मधल्या रात्रीचं उत्तर रुग्णालयाने द्यायला हवं. मीही तांडेलच्या घरच्यांना ते द्यायला हवं होतं. मी दिलं, पण फार उशिरा.

पुढच्या ऑपरेशनचं सांगतो. स्नायू विरघळण्याची एक वेगळी जातही असते, ती दाबाने नाही, भुलेच्या औषधाने होते. भुलेचे वास घ्यायचे वायू किंवा स्कोलीन नावाचं इंजेक्शन दिल्यावर काही घराण्यांतल्या माणसांचे स्नायू एकदम पेटल्यासारखे होतात, अंग ताठतं, ताप झपाट्याने चढतो. १९६० साली मेलबर्नमधल्या डेनबरो आणि लव्हेल यांनी असं एक कुटुंब शोधलं, ज्यात भुलेखाली अनेक नातेवाईक दगावले होते. त्यावर डँट्रोलीन हे औषध आहे, पण छोट्या रुग्णालयांत ते सहसा ठेवलेलं नसतं. तुमच्या भावाची हकिगत तशी वाटत नाही, कारण दुखणं नेमकं खालच्या कुशीत होतं. तरी घरात विचारा: कोणी ऑपरेशनच्या टेबलावर ताप चढून गेलंय का? मामा, मावसभाऊ यांपैकी कोणाला लहानपणापासून जिना चढता येत नव्हता, चालणं सुटलं, असं आहे का? असेल तर ते प्रत्येक भूलतज्ज्ञाला आधी सांगायचं.

बरा झाल्यावर दोनेक महिन्यांनी, अंगमेहनत नसताना, एकदा सीपीके आणि थायरॉइड तपासून घ्या. सीपीके तेव्हाही चढलेलंच असेल तर मुळात स्नायूंचा काही आजार आहे का ते बघावं लागेल. नॉर्मल असेल तर कारण दाबाचंच, असं धरायला हरकत नाही. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: "डाव्या कुशीवर साडेसहा तास, त्यानंतर रॅब्डोमायोलिसिस, डायलिसिस." पुढचा भूलतज्ज्ञ ते वाचून टेबलावर जाड जेलच्या गाद्या घालेल, शक्य तिथे काम दोन टप्प्यांत करायला सांगेल, मधे अंग हलवेल, लघवी तासाला मोजेल आणि त्याच रात्री सीपीके पाठवेल. खुब्याची प्लेट काढावी लागेल याची धास्ती घेऊ नका. त्रास देत नसेल तर ती सहसा काढत नाहीत.

आज संध्याकाळी मला तीन गोष्टी कळवा: डावा पंजा वर उचलतोय का, चोवीस तासांत लघवी किती झाली, आणि आजचं सीपीके किती.